लाइटचं पान

सुखदेव मामा, माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर माझं नाव आहे, बाबांचं आहे, आईचंही आहे. तुमचं नाव लिहायला त्यात जागाच नाही. ते प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा मी आधी दिघोरीला घरी न जाता आसगावला तुमच्याकडे आलो होतो. आई त्यावरून आठ दिवस रुसली होती. तुम्ही हात धुतलेत, दुपट्ट्याला पुसलेत, कागद दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत वाचलात आणि म्हणालात, "एवढ्या इंग्रजीत एक बी चूक नाही. म्हंजे लिहिणारा शिकला नसन, नुसतं छापलं असन."

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. तुमचा जन्म, नोकरी, निवृत्ती हे सगळं पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत छापून झालं आहे. ते मीच लिहून दिलं, तारखा मामीने सांगितल्या. पत्रिकेत जे बसत नव्हतं ते इथे लिहितो आहे. तुमच्याशी बोलायची सवय मला दोन वर्षांपूर्वीच मोडावी लागली होती. का, ते तुम्हाला माहीत आहे. घरात बाकी कुणाला नाही.

बारावीनंतर पवनीच्या कॉलेजात जायचं म्हणून मी तुमच्याकडे राहायला आलो. तुम्ही तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, सरकारी विश्रामगृहाचे चौकीदार. गाव त्याला बंगला म्हणायचं आणि तुम्हाला बंगलेवाले. तुमचं शिक्षण सातवी. पण बाहेरून येणारे साहेब इंग्रजी बोलत आणि तुम्हाला ते समजून घ्यावं लागे, म्हणून तुम्ही स्वतःची एक पद्धत काढली होती. पाहुण्यांच्या सहीची जुनी वही भरली की तिची मागची कोरी पानं तुमची. एका इंग्रजी शब्दाला एक पान. आणि त्या पानावर अर्थ कधी उतरायचा, याचा नियम ठरलेला. पुस्तकात वाचलेला अर्थ लिहायचा नाही, कुणी सांगितलेला लिहायचा नाही. आपण चुकलो, साहेब हसले किंवा रागावले, आणि मग खरं काय ते कळलं, तेव्हाच तो अर्थ आपला झाला असं धरून लिहायचा. अर्थाखाली चूकही लिहायची.

सगळ्यात भरलेलं पान लाइटचं होतं. त्यात एक गंमत होती, ती मला पुष्कळ उशिरा दिसली. लाइट म्हणजे दिवा, वीज, हा अर्थ त्या पानावर नव्हताच. तो तुम्हाला आधीपासून येत होता. गावात सगळेच 'लाइट गेली', 'लाइट आली' म्हणतात. त्यात तुम्ही कधी चुकला नव्हतात, म्हणून त्याला जागा नव्हती.

पहिली नोंद तुम्ही नोकरीत नवे असतानाची. व्हरांड्यात एक साहेब ओठांत सिगारेट धरून उभे, भर दुपारी. त्यांनी विचारलं, हॅव यू गॉट अ लाइट? तुम्ही तत्परतेने जाऊन व्हरांड्याचा बल्ब लावलात. साहेबांनी एकदा बल्बकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे, आणि स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन आगपेटी आणली. दुसऱ्या एका साहेबांनी येताच सांगितलं की मी लाइट स्लीपर आहे. तुम्ही समजलात, हे लाइट लावून झोपणारे. खोलीतला दिवा त्यांनी बंद केला तर तुम्ही खिडकीबाहेरचा लावून ठेवलात. सकाळी साहेबांचे डोळे लाल, आणि पानावर अर्थ, सावध झोपेचा. आणि तिसरी नोंद मेमोची. तुम्ही न विचारता सुट्टीवर गेलात म्हणून कार्यालयाकडून इंग्रजीत मेमो आला. शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात होती, इन द लाइट ऑफ द अबव्ह, म्हणजे वरील मजकूर लक्षात घेता. तुम्हाला लाइट कळला आणि अबव्ह म्हणजे वर हे कळलं. तुम्ही शिडी लावून पोर्चमधल्या वरच्या बल्बाची व्यवस्था केलीत आणि कार्यालयाला उत्तर धाडलंत की काम झालं आहे.

हे किस्से तुम्ही सांगायचात तेव्हा मामी चुलीपुढून म्हणायची, "भाच्यासमोर सोताची बढाई मारून राहिले का फजिती सांगून राहिले, समजतच नाही." तुम्ही म्हणायचात, "एकच आहे ते."

माझी पहिली नोंदही त्याच पानावर आहे. तुम्ही मला चहाचा ट्रे देऊन साहेबांकडे पाठवायचात. चहा न्यायला तुम्ही होतात. मला पाठवायचात ते मी चुकावं म्हणून. एका संध्याकाळी आत फाइल वाचत बसलेल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, इज इट स्टिल लाइट आउटसाइड? मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, इंग्रजी वाङ्मय घेतलेला. छाती पुढे काढून म्हणालो, नो सर, नो लाइट, लोडशेडिंग. साहेबांनी खिडकीचा पडदा सरकवला. तलावावर लख्ख ऊन होतं, पाळीवरून म्हशी घरी चालल्या होत्या. ते माझ्याकडे बघत राहिले. मी ट्रे तिथेच ठेवून पळालो.

तुम्ही हसलात, पोट धरून हसलात. मग वही काढलीत, पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "लिही. आता झाला तुहा अर्थ." उजेड, दिवसाचा. मी लिहिलं. खाली चूक लिहिली. खाली नाव घातलं, राजेंद्र. तुम्ही ते खोडून राज्या केलंत. म्हणालात, राजेंद्र चुकत नाही, राज्या चुकतो.

मामा, घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वर्गात मी तोंड उघडत नव्हतो. भंडाऱ्याची, नागपूरची मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि मी बाकावर बोटाने रेघा काढत बसायचो. त्या संध्याकाळनंतर मी तोंड उघडायला लागलो. चुकलं तर वहीत जाईल, एवढंच मनात यायचं. मी शिकलो तो यामुळे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कारण तुम्हाला ते माहीतच असेल असं धरून चाललो.

दुसऱ्या वर्षाला मी जाडजूड शब्दकोश घेतला, जुना, पुठ्ठा निघालेला. लाइटला त्यात दीड पान होतं. फिका रंग, कमी वजन, कमी जेवण, पेटवणं, मनावरचा भार उतरणं, गंभीर नसलेलं वाचन, हलक्या पावलाचं चालणं, सुटसुटीत सामान. मी एकेक मोठ्याने वाचून दाखवला. तुम्ही चष्मा लावून ते दीड पान स्वतः पुन्हा पाहिलंत आणि शब्दकोश मिटलात.

"याच्यातल्या किती अर्थानं तुले लाज आणली?"

मी म्हटलं, एकाने.

"मंग एकच येते तुले."

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला. आणि तो सगळ्यात जास्त अडला तो धानावर. आपल्याकडे लवकर निघणाऱ्या धानाला हलका म्हणतात आणि उशिरा निघणाऱ्याला भारी. वजनाशी त्याचा काही संबंध नाही. एक साहेब पाळीवर फिरायला निघाले होते. एका बांधीतला धान कापून झालेला, शेजारचा अजून उभा. त्यांनी कारण विचारलं. तुम्ही सांगितलंत, धिस लाइट पॅडी सर, दॅट हेवी पॅडी. साहेब वाकले, दोन्हीकडची एकेक लोंब तळहातावर घेऊन तोलून पाहिली आणि म्हणाले, सारखीच तर आहेत. मग तुम्ही बोटांवर महिने मोजून दाखवलेत. साहेबांनी मान हलवली. आय सी, लाइट पॅडी. तुम्ही परत येऊन ते लिहिलंत, आणि त्याच्याखाली, चुकीच्या जागी, सगळ्या वहीत एकदाच लिहिलंत : साहेबाची.

मी म्हणालो, मामा, हे इंग्रजीच नाही. लाइटचा असा अर्थ कुठल्याच शब्दकोशात नाही. तुम्ही म्हणालात, मी बोललो इंग्रजी साहेबाशी, साहेबाला समजलं, मग ते इंग्रजी नाही तर काय आहे. मी म्हटलं, साहेबांनी मान हलवली म्हणून अर्थ होत नाही. तुम्ही विचारलंत, "मंग कायनं होते?" मी शब्दकोशाचंच नाव घेतलं. तुम्ही म्हणालात, तो लिहिणाऱ्याने धान लावला असता तर त्यात असतं.

दर दिवाळीला, दर धान कापणीला हा वाद व्हायचा. मामी म्हणायची, या दोघांना दुसरा धंदा नाही. मी एम.ए. झालो तरी तुम्ही हरला नाहीत आणि मीही नाही. तो वाद म्हणजे आपलं एकमेकांना 'कसा आहेस' विचारणं होतं, हे मला आता कळतं, आता विचारायला कुणी नाही तेव्हा.

मग ती सकाळ. तुम्ही कधी तिचं नाव काढलं नाहीत, म्हणून मी काढतो.

मला भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. दरवर्षी नव्याने घ्यायचे, दरवर्षी धाकधूक. कॉलेजात कार्यक्रम होता, नागपूरचे पाहुणे येणार होते, आणि प्राचार्यांनी मला वीस मिनिटं दिली. विषय मीच निवडला, एक शब्द, अनेक अर्थ. फोनवर तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही येणार असं मला वाटलंच नव्हतं.

मी लाइट घेतला. शब्दकोशातला अर्थ सांगायचा आणि त्याला जोडून किस्सा. किस्से तुमचे. मी म्हणालो, एका विश्रामगृहावर एक चौकीदार होता. सभागृह हसायला लागलं. सिगारेटला हसलं, लाइट स्लीपरला हसलं. पाहुणे हसताना प्राचार्यांकडे बघत होते आणि प्राचार्य माझ्याकडे. मला ते फार बरं वाटलं. मेमोचा किस्सा सांगत असताना शेवटच्या रांगेत, दाराजवळ, मला तुम्ही दिसलात. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, मांडीवर पिशवी. तुम्हीही हसत होतात.

तिथे मला थांबता आलं असतं. मामा, मी हे गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा मोजून पाहिलं आहे. मेमो संपून पुढचा किस्सा सुरू होईपर्यंत मी पाणी प्यालो होतो. तेवढ्या वेळात 'तो चौकीदार माझा मामा आहे आणि तो इथे बसला आहे' हे दोनदा म्हणून झालं असतं. मी पेला खाली ठेवला आणि लाइट पॅडी सांगितलं. त्यालाच सगळ्यात मोठा हशा आला. आणि वर मी म्हणालो, शब्दकोश हाती नसला की बिचाऱ्या माणसाचं असं होतं.

तुम्ही तेव्हा हसत नव्हतात. पिशवीचे बंद नीट करत होतात.

चहाच्या वेळी तुम्ही बाजूला उभे होतात. प्राचार्यांनी विचारलं, आपण? माझं तोंड उघडलं होतं, पण तुम्ही आधी बोललात.

"मी यांच्या गावाकडचा. भाषण ऐकाले आलो."

यांच्या म्हणालात तुम्ही मला. ज्याला तुम्ही राजेंद्र लिहू दिलं नव्हतं. तुम्ही माझी लाज राखलीत, आणि मी ती राखू दिली.

मी फाटकापर्यंत तुमच्यासोबत आलो. तुम्ही म्हणालात चांगला बोललास, आवाज मागपर्यंत येत होता. मग म्हणालात, "एक चुकलं. मेमोचं. तू बल्ब बदलला म्हणाला. बदलला नव्हता, पुसला होता." मी ऑटो थांबवत होतो, तुम्ही नको म्हणालात आणि स्टँडकडे चालू लागलात. मी फाटकातच उभा राहिलो. पाहुण्यांसोबत फोटो काढायचा म्हणून आतून मला हाक आली आणि मी गेलो.

त्यानंतर फोनवर तुम्ही मला सर म्हणायला लागलात. टोमणा नव्हता त्यात, तेच वाईट होतं. हो सर, बरं सर, मामी बरी आहे सर. दिवाळीला आलो तर धानाचा विषय मीच काढला, मुद्दाम, की लाइट पॅडी इंग्रजी नव्हेच. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे सर तुमचं. आणि शेणात पडलेला विळा उचलून धुवायला घेऊन गेलात. आठ वर्षांचा वाद तुम्ही असा एका वाक्यात माझ्या पदरात टाकून दिलात. मला तो नको होता.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. फोन लावायचो आणि पाऊसपाणी विचारून ठेवायचो. तुमच्या अंगणात बसून पाहिलं, तिथे मामी असायची, शेजारी असायचे. माफी मागायला जे शब्द लागतात ते मला कुठल्याच भाषेत चुकतमाकत तरी बोलता येत नव्हते. शेवटी पंधरा दिवसांपूर्वी पत्र लिहिलं. पोस्टाने पाठवलं. तुम्हाला पत्र आलेलं आवडायचं. बंगल्यावर साहेबांची यायची, तुमची अशी नाही.

तुम्ही शुक्रवारी सकाळी गेलात. मामी म्हणते, चहा घेतला, खाटेवर टेकले आणि मान कलली. मी पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. खांदा द्यायला पुढे झालो. तुम्ही इतके वाळले होतात, तुमचं ओझं जाणवणार नाही असं मला वाटलं होतं. जाणवलं. वाट धानाच्या बांधांमधून होती, हलका कापून झाला होता, भारी उभा होता, आणि मला एकच वाटत होतं की यातलं कुणाला तरी काहीतरी म्हणावं. माझ्या पुढे मागे सगळे तुम्हाला ओळखणारे होते. पण आपला तो वाद कळणारा त्यांच्यात एकही नव्हता.

सगळे पांगल्यावर मी मामीला विचारलं, पत्र आलं होतं का. ती म्हणाली बुधवारी आलं. विळ्याने सरळ कापून उघडलं, बाहेर खाटेवर बसून वाचलं. पुन्हा वाचलं. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

मी विचारलं, काही बोलले का?

"काही नाही. जेवले. मंग मले इचारलं, भंडाऱ्याची सकाळची गाडी अजून चालू आहे का म्हणून. मी म्हटलं, मले काय मालूम, कायले पाह्यजे."

मामीने ते पत्र मला परत दिलं. तुमच्या खिशात दोन दिवस राहून त्याची घडी मऊ झाली आहे. त्यावर तुमच्या हातचं एक अक्षर नाही. तुम्ही त्यावर काय म्हणाला असतात ते मला आता कधीच कळणार नाही. गाडीचं विचारलंत, एवढंच माझ्याकडे आहे, आणि त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावू नये असं स्वतःला बजावतो. वाचणाऱ्यांनी मला चांगलं समजू नये, म्हणून ते पत्र जसंच्या तसं खाली उतरवतो.

*

भंडारा

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

तब्येत कशी आहे? मामीच्या गुडघ्याला आराम असेल.

मामा, त्या दिवशी कॉलेजात मी तुम्हाला पाहिलं होतं. तुम्हाला वाटत असेल की मला तुम्ही चहाच्या वेळी दिसलात. तसं नाही. मेमोचं सांगत होतो तेव्हाच दिसलात. दिसल्यावरही मी पुढचं बोललो. लोक हसत होते आणि मला ते सोडवलं नाही. चौकीदाराचा भाचा म्हणवून घ्यायची मला लाज वाटली, हे मी आजवर कुणाला बोललो नाही, तुम्हालाच पहिल्यांदा लिहितो आहे. बिचारा म्हणालो, ते तर मला माफच करू नका.

मागच्या आठवड्यात मी वर्गात त्या दिवसाचं सांगितलं. तो चौकीदार कोण होता ते सांगितलं. मी काय केलं तेही सांगितलं. मग मोहाडीकडची एक मुलगी आहे, कधी बोलत नाही, ती म्हणाली, सर, मामा आम्हाला शिकवायला येतील का? मी विचारतो म्हणालो.

लाइट पॅडीबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे खोटं न बोलता सांगतो. तुम्ही 'बरोबर आहे सर तुमचं' म्हणता तेव्हा मला जेवण जात नाही. भांडायचं असेल तर मुलांसमोर भांडा. माझी काही हरकत नाही.

येत्या शनिवारी माझा सकाळचा तास आहे. प्राचार्यांना विचारून ठेवलं आहे, त्यांनाही तुम्ही कोण ते सांगितलं आहे. तुम्ही या. मामीला आणता आलं तर आणा. मी स्टँडवर घ्यायला उभा राहीन, लवकरच येऊन उभा राहीन. वर्गात तुम्ही टेबलाजवळच्या खुर्चीवर बसा, मी उभा राहतो. सुरुवातीला मी एवढंच सांगणार आहे की हे माझे मामा आहेत. त्याच्यापुढे काय बोलायचं ते अजून काही ठरवलेलं नाही.

तुमचा भाचा,
राज्या